काकवी, खजूर आणि राजगिरा
गव्हाविना स्वयंपाक : लेखांक ६

ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिएक आजाराचं निदान झालेल्या घरात जेवणाचं हळूहळू जमून जातं. ज्वारीची भाकरी असते, भात असतो, नाचणीची आंबील असते. खरी पंचाईत होते ती मधल्या वेळेची. शाळेचा छोटा डबा, एसटीचा प्रवास, गडावर जाताना पाठीवरची पिशवी, यांत टाकायचं काय? बिस्किटं, टोस्ट, खारी, वडापाव, सामोसा, सगळीकडे गहू. त्यात घरातलं कुणी व्हिगन असेल तर दुधाची वडी आणि तुपातला लाडूही बाद होतो. म्हणून या आठवड्यात ग्रॅनोला बार घेतला आहे. तो आठवडाभर टिकतो, चमचा लागत नाही, आणि गव्हाशिवाय, दुधाशिवाय, मधाशिवाय तो उत्तम होतो.

मूळ ग्रॅनोला मात्र गव्हाचाच होता. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी ‘ग्रॅन्युला’ तयार केला. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे ते इतके कडक तुकडे असत की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच जातीचा पदार्थ काढला आणि नावावरून वाद झाल्यावर त्याचं नाव ‘ग्रॅनोला’ केलं. जवळपास शतकभरानंतर, १९६०-७०च्या दशकांत, अमेरिकेत तो ओट्स, मध आणि सुका मेवा अशा रूपात परत आला आणि त्याच सुमारास त्याचे बार निघाले. आज दुकानात मिळणारा बार या दुसऱ्या अवताराचा. त्यातल्या दोन मुख्य गोष्टींशी आपली गाठ आहे: ओट्स आणि मध.

ओट्सबद्दल आधी बोलू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहे. ग्लुटेन हे गहू, सातू आणि राय या धान्यांतलं प्रथिन. ओट्समध्ये ते नसतं हे खरं. पण ओट्सचं शेत, मळणी, वाहतूक, गिरणी बऱ्याचदा गव्हाबरोबर सामायिक असतात आणि पाकिटात गव्हाचे, सातूचे दाणे सहज येतात. शिवाय काही सीलिएक रुग्णांना ओट्समधलं एव्हेनिन हे प्रथिनसुद्धा सोसत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तसा शिक्का नसलेले साधे ओट्स सीलिएक असलेल्या माणसाला देऊ नयेत. शिक्का असलेले ओट्स महाग असतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही सुरू करू नयेत. माझं मत सरळ आहे: आपल्याकडे राजगिरा असताना या भानगडीत पडायचंच कशाला?

राजगिऱ्यात ग्लुटेन नाही. शंभर ग्रॅममागे साधारण १३-१४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तांदळाच्या जवळपास दुप्पट. त्याच्या लाह्या हलक्या, पाकात पटकन मुरणाऱ्या. उपासाच्या वडीमुळे त्या बहुतेक मराठी घरांत ओळखीच्या आहेत. ज्वारीच्या लाह्याही चालतात. त्या मोठ्या असतात, म्हणून हाताने थोड्या चुरून घ्याव्यात. मक्याचे पोहे किंवा कॉर्नफ्लेक्स घालायचा मोह झाला तर पाकीट उलटून वाचा. अनेक कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी बार्ली माल्ट असतं, आणि बार्ली म्हणजेच सातू.

इथे खपली गव्हाबद्दल बोलायला हवं, कारण हा प्रश्न सतत येतो. ‘खपली जुना गहू आहे, तो पचतो, बाधत नाही’ असं दुकानदार सांगतात, घरची मोठी माणसंही सांगतात. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सीलिएकमध्ये पोट दुखलं की नाही यावर काही ठरत नाही. त्रास जाणवला नाही तरी लहान आतड्याच्या अस्तराची हानी चालू राहते. खपली, रवा, दलिया, सातूचं पीठ यांतलं काहीही या बारमध्ये चिमूटभरही नको.

लाह्या शक्यतो घरी फोडा. भट्टीवर एकाच कढईत अनेक धान्यं भाजली जातात, आणि आपण ती कढई पाहिलेली नसते. जाड बुडाची कढई चांगली तापवा, एका वेळी एकच चमचा राजगिरा टाका आणि सुती कापडाच्या बोळ्याने हलवत राहा. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि काही सेकंदांत दाणा फुटतो. कढई पुरेशी तापली नसेल तर ती वाफ सावकाश निघून जाते, दाणा नुसता भाजतो आणि खाताना वाळूसारखा कचकचतो. पहिला चमचा फुलला नाही तर आच वाढवा आणि तेवढे दाणे बाजूला काढा. फुललेल्या लाह्या चाळून घेतल्या की न फुटलेले दाणे खाली पडतात.

आता मध. तो मधमाश्यांचा, म्हणून व्हिगन स्वयंपाकात चालत नाही. परदेशी पाककृती त्याच्या जागी मेपल सिरप किंवा अगावेचा पाक घालतात. कोल्हापूर-सांगलीच्या गुऱ्हाळांतून येणारी काकवी असताना आपल्याला त्यांची गरज नाही. उसाचा रस आटत आटत गुळाच्या वाटेवर असताना, घट्ट होण्याआधी, उतरवून घेतात ती काकवी. तिच्यातली काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडलेली असते, म्हणून ती गुळासारखी पटकन दाणेदार होत नाही, लवचीक राहते. बारला नेमकं हेच लागतं. चिक्कीचा गूळ कडक पाकावर नेला की वडी काचेसारखी तुटते. चिक्कीला ते शोभतं, पण आपल्याला दाताखाली दबणारा बार हवा आहे. काकवी मिळाली नाही तर साधा गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, मधासारखा दाट होईपर्यंत आटवा.

काकवी एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला मऊ काळा खजूर लागतो, त्याच्या गराने बार धरून राहतो. तिसरा बांधणारा घटक म्हणजे दाण्याचा कूट, तेल सुटेपर्यंत वाटलेला. चिरलेल्या खजुराची पाकिटं घेऊ नका. तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यांवर कधीकधी पीठ भुरभुरलेलं असतं. बियांसकट खजूर आणा आणि घरी बिया काढा. तो पाण्यात भिजवू मात्र नका. कडक असेल तर पाच मिनिटं वाफ द्या. बारमधलं जास्तीचं पाणी लाह्या मऊ करतं आणि बुरशीलाही बोलावतं.

बारा बारांसाठी प्रमाण असं: राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, काकवी चार मोठे चमचे, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा सुंठ. लाह्या वाटीने मोजू नका, वजन करा. एकाच वाटीत दाबून आणि सैल भरलेल्या लाह्यांच्या वजनात फार फरक पडतो, आणि बार सुटून येण्याचं ते मोठं कारण असतं.

शेंगदाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजा, सालं पाखडून टाका. त्यातले १०० ग्रॅम जाडसर भरडा, उरलेले ५० ग्रॅम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून लोण्यासारखे मऊ वाटा. तीळ आणि बिया वेगवेगळ्या भाजा, कारण तीळ आधी होतात आणि जळले तर सगळा घाणा कडू होतो. कढईत काकवी आणि बारीक केलेला खजूर मंद आचेवर घोटत राहा. थेंबभर मिश्रण थंड पाण्याच्या वाटीत टाका. बोटांनी त्याची नरम गोळी वळता आली की गॅस बंद. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे, टणक झाला तर पुढे गेला आहे. पुढे गेलेला पाक चमचाभर गरम पाण्याने परत आणता येतो. आता वाटलेले दाणे, मीठ, सुंठ घालून एकजीव करा, मग भरडलेले दाणे, तीळ आणि बिया, आणि सर्वांत शेवटी लाह्या. लाह्या घातल्यावर जोरात घोटू नका.

तेलाचा हात फिरवलेल्या, सुमारे २० सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात मिश्रण गरम असतानाच ओता. तूप आपोआप हाती येतं. इथे शेंगदाण्याचं तेल घ्या. मग सपाट बुडाच्या वाटीने दाबा. पूर्ण ताकद लावून, कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत, दोनदा दाबा. बार धरतो तो इथे. पाक अचूक जमूनही दाब कमी पडला तर सुरी लावताच तुकडे पडतात. साधारण दीड सेंटीमीटर जाडीचा थर झाला पाहिजे. तासभर निवू द्या आणि धारदार सुरीने एका दाबात कापा. ओव्हनची गरज नाही. ओट्सचे बार बहुधा भाजतात, कारण त्यांतलं धान्य आधी भाजून घेतलेलं नसतं. आपला प्रत्येक घटक आधीच भाजलेला आहे.

एकेक बार ४० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात अंदाजे १७० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि १३ ग्रॅम साखर असते. हा हिशेब मी मुद्दाम देते, कारण ‘ग्लुटेन-फ्री’ आणि ‘गुळाचं’ हे दोन शब्द एकत्र आले की माणसं हात सैल सोडतात. काकवीत लोहाचा थोडा अंश असेल, पण ती मुख्यतः साखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, ठेवायला सांगितलं. काकवीची साखर त्यात धरायची, आणि घोटलेल्या खजुराचीही धरलेली बरी. मधुमेह असेल तर हा बार नेहमीचा खाऊ होऊ शकत नाही. इतरांना दिवसाला एक पुरे. व्हिगन वाचकांनी हेही ध्यानात ठेवावं की यातून बी-१२ अजिबात मिळत नाही. त्याची गोळी वेगळी घ्यावीच लागते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दाणे आणि बिया भरडू नका, बारीक कूट करा. भरड तुकडा घशात अडकू शकतो.

घट्ट झाकणाच्या डब्यात बार आठवडाभर, फ्रिजमध्ये त्याहून जास्त टिकतात. खजुरातला ओलावा हळूहळू लाह्यांत जातो, त्यामुळे कुरकुरीतपणा पहिल्या दोन दिवसांचाच. नंतर बार चिवट-मऊ होतो, आणि मला तो तसाच जास्त आवडतो. पावसाळ्यात निम्मंच प्रमाण करा.

शेवटी दोन विनंत्या. हे बार सीलिएक असलेल्या कुणाला देणार असाल तर पोळ्यांची कणीक मळण्याआधी, घासून कोरड्या केलेल्या कढईत आणि स्वच्छ ओट्यावर करा, आणि डब्यावर सगळे घटक लिहा. शेंगदाणा आणि तीळ न चालणारी माणसंही असतात. दुसरी विनंती ज्यांना नुसती शंका आहे त्यांना: तपासणीच्या आधी गहू सोडू नका. गहू बंद केल्यावर रक्ततपासणी खोटा दिलासा देऊ शकते. आधी डॉक्टर, मग स्वयंपाकघर. पुढच्या आठवड्यात पोळीच्या जागी काय, हा प्रश्न घेऊ. घरात दगडी जातं असेल तर ते धुऊन, वाळवून तयार ठेवा.