आभासी वास्तवातील दडलेल्या सुविधांची रचना : तत्त्वे व मर्यादा

प्रस्तावना :
संगणकाच्या सपाट पडद्यावर सर्व आज्ञा ओळीने मांडता येतात. आभासी वास्तवात ही सोय नसते. वापरकर्त्याभोवती सर्व बाजूंनी जग पसरलेले असते. मात्र सध्याच्या बहुतेक हेडसेटमध्ये एका वेळी त्यातील सुमारे ९० ते ११० अंशांचाच भाग दिसतो. तेवढ्यात आज्ञांची गर्दी केल्यास ते जगच झाकोळते. म्हणून काही सुविधा नजरेआड ठेवाव्या लागतात. परंतु जी सुविधा सापडतच नाही ती असून नसल्यासारखीच. हा तोल कसा साधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दडविण्याचे दोन हेतू :
पहिला हेतू शोधाच्या आनंदाचा. अटारी कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' या खेळात वॉरन रॉबिनेट यांनी पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा एक सूक्ष्म ठिपका ठेवला होता. तो विशिष्ट ठिकाणी नेल्यास एका गुप्त दालनाची वाट मोकळी होई आणि तेथे निर्मात्याचे नाव दिसे. अशा गमतींना पुढे 'ईस्टर एग' हे नाव रूढ झाले. हेच रॉबिनेट नंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आभासी वास्तवावर संशोधन करू लागले. १९९२ मध्ये त्यांनी रिचर्ड हॉलोवे यांच्यासह आभासी जगात उडणे, आकार बदलणे व वस्तू पकडणे या क्रियांची मांडणी केली.

दुसरा हेतू सोयीचा. त्याच विद्यापीठातील मार्क माइन व फ्रेडरिक ब्रुक्स यांनी कार्लो सेक्विन यांच्यासह १९९७ मध्ये एक युक्ती मांडली. आज्ञासूची दृष्टिक्षेत्राच्या किंचित वर दडवायची. वापरकर्त्याने हात वर करून ती खाली ओढायची. नको असलेली वस्तू खांद्यावरून मागे टाकली की ती नाहीशी होई.

शरीराचा आधार :
या युक्तीमागील तत्त्व साधे आहे. डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे हे आपल्याला कळते. त्यामुळे शरीराशी बांधलेली जागा एकदा कळली की ती पुन्हा शोधावी लागत नाही. खोलीतील भिंतीआड ठेवलेली सुविधा मात्र दर वेळी शोधावी लागते.

तथापि, जागा लक्षात राहिली म्हणून अर्थ आपोआप कळत नाही. 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' (२०२०) या खेळात खांद्यावरून मागे टाकलेली काडतुसे पाठीवरच्या पिशवीत जमा होतात. १९९७ मध्ये जी हालचाल वस्तू नष्ट करण्यासाठी होती, तीच येथे वस्तू जतन करण्यासाठी आहे. म्हणजेच दडलेल्या हालचालीचा अर्थ निसर्गदत्त नसून संकेताने ठरतो, आणि संकेत शिकवावाच लागतो.

रचनेची पथ्ये :
१) बाहेर पडणे, थांबणे आणि केलेली कृती मागे घेणे या सुविधा कधीही दडवू नयेत. हेडसेट घातलेल्या व्यक्तीला भोवतालची खोली सहसा दिसत नाही. घेरी आल्यास तिला वाट तत्काळ सापडली पाहिजे.
२) संकेत पायरीपायरीने द्यावेत : प्रथम एका दिशेने येणारा आवाज, मग मंद प्रकाश वा हातातील कंपन, आणि तरीही न उमगल्यास स्पष्ट सूचना.
३) सहज हालचालीत चुकून घडेल अशी कृती निवडू नये.
४) प्रत्येक दडलेल्या सुविधेला दुसरा, उघड मार्ग असावा. हात वर न उचलता येणाऱ्यास डोक्यावरची आज्ञासूची कायमची बंद राहते.

समारोप :
अध्यापनाच्या दृष्टीने यातील शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे होय. आभासी प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याला उपकरण सापडले नाही, तर तो विषयात कच्चा आहे असा समज होण्याचा धोका असतो. वस्तुतः दोष रचनेचा असतो. खेळात न सापडलेल्या दालनामुळे केवळ गंमत हुकते. शिक्षणात मात्र न सापडलेल्या सुविधेमुळे संधी हुकते. म्हणून आनंद दडवावा, गरज दडवू नये, हेच या रचनेचे मूलसूत्र मानावे लागेल.