उतारवयातील मंद दाह आणि हृदय : वऱ्हाडच्या संदर्भात

दाह म्हणजे काय

पायात काटा रुतला की भोवतालची त्वचा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. रक्तपुरवठा वाढवून पांढऱ्या पेशी जखमेपाशी गोळा करण्याची ही व्यवस्था म्हणजे तीव्र दाह. काम झाले की ती काही दिवसांत आवरते. दीर्घकालीन दाहात ही आवराआवर होतच नाही. लाली नाही, वेदना नाही; पण इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक रसायने रक्तात वर्षानुवर्षे थोड्या चढ्या पातळीवर फिरत राहतात. रोज वावरात जाणारा, धडधाकट दिसणारा साठीचा माणूसही या अवस्थेत असू शकतो.

धमनीत काय घडते

हृदयविकार म्हणजे नळीत चरबी साचणे, ही समजूत अपुरी आहे. उच्च रक्तदाब, साखर किंवा तंबाखू यांनी धमनीचा अंतःस्तर दुखावला की एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण भिंतीच्या आत शिरून अडकतात. त्यांना परके समजून भक्षक पेशी गिळतात, फुगतात आणि तिथेच मरतात. या साठ्यावर तंतूंचे आवरण तयार होते. दाह सुरू राहिला तर पेशींतून पाझरणारी विकरे हे आवरण पातळ करतात. ते फाटले की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या धमनीतही झटका का येतो, याचे उत्तर इथे मिळते. धमनीच्या या विकारात दाहाचा हात आहे, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. रसेल रॉस यांच्या १९९९ मधील लेखानंतर ही मांडणी वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात आली.

वयाचा वाटा

वय वाढते तसा दाहाचा पाया उंचावतो, हे निरीक्षण इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये मांडले. विभाजन थांबलेल्या म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत, उलट दाहक रसायने सोडत राहतात. पोटाभोवतीची चरबीही तेच करते. अस्थिमज्जेतील काही पेशींत जनुकीय बदल होऊन त्यांचे वंशज रक्तात वाढतात. सत्तरीनंतर किमान दहांत एका व्यक्तीत असा बदल आढळतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा व्यक्तींना हृदयधमनीविकाराचा धोका जवळपास दुप्पट दिसला. वय कोणालाच टाळता येत नाही. पण त्यावर पडणारी भर परिसरातून येते, आणि अमरावती-अकोल्यात ती कुठून येते हे पाहण्यासारखे आहे.

चूल आणि जिनिंग

कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी आणि तूर निघाली की तुऱ्हाटी, हे वऱ्हाडातले पिढ्यानपिढ्यांचे सरपण. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्यासाठी चूल अनेक घरांत पेटतेच. धुरातील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या खोल वायुकोशांपर्यंत जातात. तिथला दाह रक्तात उतरतो आणि धमन्यांपर्यंत पोहोचतो. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या स्त्रीची फुप्फुसे म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यासारखी खराब झालेली असू शकतात.

दुसरा स्रोत कापसाचाच. एकोणिसाव्या शतकापासून या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. कापसाच्या धुळीत विशिष्ट जिवाणूंच्या भिंतींचे विषारी अवशेष असतात आणि ते श्वासनलिकांत दाह पेटवतात. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे बिसिनोसिस या धूळजन्य विकाराचे ओळखीचे लक्षण. कामगार निवृत्त झाला तरी दमलेली फुप्फुसे सोबत राहतात, आणि दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त असते. दवाखान्यात मात्र खोकल्याची आणि हृदयाची तक्रार बहुधा वेगवेगळ्या कागदांवर लिहिली जाते.

खर्रा आणि हिरड्या

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र मिळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते; धूम्रपान करणारे सुमारे ४ टक्केच. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, तर खर्‍याच्या सततच्या घर्षणाने हिरड्या खराब होतात. सुजलेल्या हिरड्यांतून जिवाणू रक्तात शिरतात. हिरड्यांवर उपचार केल्यावर रक्तातील दाहाची पातळी उतरते, हे दिसून आले आहे. त्यामुळे झटके टळतात, हे अजून सिद्ध झालेले नाही.

खारपाणपट्टा आणि मूत्रपिंड

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट परिसरातील अनेक गावांत भूजल खारे आहे. पाण्यातून जास्त सोडियम पोटात गेले की रक्तदाब वाढण्याची शक्यता वाढते आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या निकामी करतो. पुढची साखळी सरळ आहे. दुबळे मूत्रपिंड दाहक रसायने पुरेशी गाळू शकत नाही, धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते आणि हृदयावरचा भार वाढतो. मूत्रपिंडविकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील वृद्ध रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधीच हृदयविकाराने दगावण्याची शक्यता अधिक असते. तरीही सगळा दोष पाण्यावर टाकणे घाईचे ठरेल. मधुमेह, वेदनाशामक गोळ्या आणि उन्हात पुरेसे पाणी न पिता केलेले काम हेही तितकेच मोठे आरोपी आहेत. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो; मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा दिवसांत त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदयाला जादा काम पडते, आणि घामाने रक्त दाट होते.

मोजमाप

यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्याची अतिसूक्ष्म मोजणी म्हणजे एचएस-सीआरपी चाचणी. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या पुढचा आकडा बहुधा ताप किंवा संसर्ग दाखवतो; तेव्हा बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते. दाह आहे एवढेच ही चाचणी सांगते, तो कुठला हे नाही. चिकुनगुनियातून नुकत्याच उठलेल्या आजीचा आकडा पाहून तिच्या हृदयाविषयी अनुमान काढण्यात अर्थ नाही.

औषधांचा पुरावा

दाह हा हृदयविकाराचा साक्षीदार की कारण, हा वाद २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने बराचसा मिटवला. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे कॅनाकिनुमॅब दिले गेले. कोलेस्टेरॉल जवळपास तेवढेच राहिले, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. सोबत जीवघेणे संसर्ग वाढले, शिवाय औषध अतिमहाग. मेथोट्रेक्सेटने मात्र असा लाभ दिला नाही. गाउटसाठी वापरले जाणारे जुने, स्वस्त कोल्चिसिन २०२० च्या चाचणीत स्थिर हृदयविकार असलेल्यांना उपयोगी ठरले, तर २०२४ च्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिल्यावर फायदा दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोकादायक ठरू शकते. खारपाणपट्ट्यातल्या रुग्णांच्या बाबतीत ही अट महत्त्वाची आहे. स्टॅटिन कोलेस्टेरॉल आणि दाह दोन्ही कमी करते, त्यामुळे आजही पहिला क्रमांक त्याचाच. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते आणि त्याने झटके टळल्याचा भक्कम पुरावा नाही. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ गटातील मेदाम्ल भरपूर असते. ती आहार म्हणून उत्तम, औषध म्हणून नव्हे.

दाहशामक गोळ्यांचा विरोधाभास

दाह हेच मूळ असेल तर गुडघेदुखीच्या दाहशामक गोळ्यांनी हृदय सांभाळले जायला हवे. घडते उलटेच. या गोळ्यांपैकी अनेक गोळ्या रक्त गोठण्याचा तोल बिघडवतात, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. याच गटातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारे डायक्लोफिनॅकही झटक्याचा धोका वाढवते. रक्तदाब, मूत्रपिंडविकार किंवा आधीचा हृदयविकार असलेल्या वृद्धांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे.