माझगावच्या गोदीतल्या पाणबुड्या

पाणबुडी पाण्याखाली जाते ती वजन वाढवून आणि वर येते ती वजन उतरवून. तिच्या अंगाला मोठ्या टाक्या असतात. त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. वरच्या झडपा उघडल्या की आतली हवा निसटते आणि खालून समुद्राचे पाणी भरते. रिकामी घागर विहिरीत कलंडून बुडबुडे सोडत खाली जाते, तोच प्रकार. वर यायचे असेल तेव्हा झडपा बंद करून, दाबून साठवलेली हवा टाक्यांत सोडतात आणि ती हवा पाण्याला खालून बाहेर हुसकावते.

घागर मात्र थेट तळ गाठते. पाणबुडीला मधेच, ठरलेल्या खोलीवर थांबता आले पाहिजे, आणि खरे कसब तिथे लागते. डिझेल जळते, टॉर्पेडो सुटतो, कोठीतले धान्य संपते. दर वेळी वजन बदलते आणि लहान टाक्यांत पाणी कमी-जास्त करून ते जुळवून घ्यावे लागते. नदीच्या मुखाजवळचे गोडसर पाणी तर भलताच घोळ करते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे 1,600 टनांची पाणबुडी खाऱ्यातून पूर्ण गोड्या पाण्यात शिरली, तर तिच्यावर 40 टनांचा जादा भार पडल्यासारखे होते.

दुसरा प्रश्न दाबाचा. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. माहूर-किनवटच्या बाजूला पन्नास-साठ फूट खोल विहिरीचे कुणाला नवल वाटणार नाही; तशी विहीर काठोकाठ भरली तर तळाशी दीड-पावणेदोन वातावरणांचा जादा दाब असतो. समुद्रात 300 मीटरवर हाच आकडा तीसवर जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 किलोचा भार. तो सोसण्यासाठी माणसे आणि यंत्रे जिथे असतात तो भाग गोल नळीच्या आकाराचा, खास पोलादाचा करतात. गोल आकार दाब सगळीकडे सारखा वाटून घेतो, पण तो खरोखर गोल असेल तरच. वर्तुळ थोडेसे जरी चेपले गेले तरी नळीची ताकद झपाट्याने घटते. म्हणून कडी जोडताना वेल्डिंगची उष्णता पोलादाला किती ओढते याचा आधीच अंदाज घ्यावा लागतो आणि सांध्यांची क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासणी होते. पाणबुडी बांधणे हे निम्मेअधिक वेल्डरच्या हातातले काम आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे काम महाराष्ट्रात मुंबईच्या माझगाव गोदीत होते. तिथली पहिली छोटी सुकी गोदी 1774ची. कंपनी म्हणून नोंदणी 1934ची, आणि 1960मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. भारताने 1981मध्ये पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्यातल्या दोन कील शहरात बांधल्या गेल्या आणि दोन माझगावात: ‘शाल्की’ 1992मध्ये आणि ‘शंकुल’ 1994मध्ये नौदलात आली. त्यासाठी माझगावची माणसे जर्मनीत जाऊन शिकून आली होती. पण या व्यवहारात दलालीचे आरोप झाले, पुढच्या पाणबुड्या रखडल्या आणि ‘शंकुल’नंतर गोदीला पाणबुडीची नवी मागणी मिळालीच नाही. यंत्रे झाकून ठेवता येतात, हात झाकून ठेवता येत नाहीत. शिकलेले कारागीर दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले.

फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार 2005मध्ये झाला तेव्हा बरीचशी घडी नव्याने बसवावी लागली. पहिल्या ‘कलवरी’चे पोलाद 2006च्या डिसेंबरात कापायला घेतले. ती 2012मध्ये मिळणार होती. नौदलात दाखल झाली 14 डिसेंबर 2017ला. तिच्यामागून ‘खांदेरी’ (2019), ‘करंज’ आणि ‘वेला’ (2021), ‘वागीर’ (2023) व ‘वागशीर’ (2025) आल्या. पहिलीच्या उशिराबद्दल पुष्कळ टीका झाली. तीत तथ्य होते, मात्र मधल्या अकरा रिकाम्या वर्षांचा जमाखर्च मांडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

‘खांदेरी’ हे नाव अलिबागजवळच्या बेटावरचे. तिथे 1679मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांनी बरीच धडपड करूनही तो रोखता आला नाही. ‘करंज’ हे नाव नौदलात आधीही होते. 1971च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे नेतृत्व करणारे विजयसिंह शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले, आणि नवी ‘करंज’ दाखल झाली त्या समारंभाला ते हजर होते.

‘कलवरी’ची लांबी साडेसदुसष्ट मीटर. एवढ्या नळीत सुमारे 60 किलोमीटर केबल आणि 11 किलोमीटर पाइप बसवले आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत चाळीसेक माणसे राहतात, जेवतात, पाळ्या करतात. पाण्याखाली ती विजेच्या मोटरवर चालते. वीज येते 360 बॅटऱ्यांतून. एकेक बॅटरी 750 किलोची, म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच 270 टनांच्या. मोटरचा आवाज फार थोडा, आणि आवाज हाच पाणबुडीचा वैरी; पाण्यात प्रकाश लवकर विरतो पण ध्वनी दूरवर जातो, त्यामुळे शत्रू तिला कानांनीच शोधतो.

बॅटऱ्या उतरल्या की मात्र अडचण होते. त्या भरायला डिझेल इंजिन चालवावे लागते आणि इंजिनाला हवा हवी. पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते, स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढते आणि इंजिने सुरू करते. तेवढा वेळ नळी रडारला दिसू शकते, धूर बाहेर पडतो आणि इंजिनांचा आवाजही होतो. सावकाश चालून बॅटरी पुरवली तरी काही दिवसांनी ही वेळ टळत नाही.

त्यावरचा उपाय अंबरनाथमध्ये तयार झाला आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या तिथल्या प्रयोगशाळेने इंधनघटावर चालणारी यंत्रणा विकसित केली आहे. तिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते, बाहेरची हवा लागत नाही, आणि उरते ते पाणी. हायड्रोजन टाक्यांत भरून नेण्याऐवजी तो गरजेप्रमाणे पाणबुडीतच तयार करायचा, हे या यंत्रणेचे वैशिष्ट्य. ती बसवण्यासाठी लागणारा भाग बांधून पाणबुडीत जोडण्याचे काम डिसेंबर 2024च्या कराराने माझगाव गोदीकडे आले आहे. त्यासाठी तयार पाणबुडीची नळी मधोमध कापायची, नवा भाग आत घालायचा आणि दोन्ही बाजूंचे सांधे पुन्हा तितक्याच अचूकपणे वेल्ड करायचे आहेत.