न भरता वाढलेली शिल्लक

लखनौच्या अलीगंज भागात जानेवारीची सकाळ उशिरा उजाडते. गोमतीच्या उत्तरेस वसलेल्या या वसाहतीवर धुक्याचा दाट पडदा पसरलेला असतो, आठ वाजले तरी समोरच्या घराचे फाटक दिसत नाही आणि पारा कित्येकदा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशाच एका सकाळी मी गाडीचे बॉनेट उघडून इंजिन ऑइलची पातळी पाहिली, तेव्हा ती डिपस्टिकवरील वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली आढळली. चार महिन्यांपूर्वी तेल बदलले त्या वेळी ती खुणेच्या किंचित खाली होती आणि त्यानंतर मी थेंबभरही तेल घातलेले नव्हते. मला आनंदच झाला. आमच्या जुन्या गाडीला अधूनमधून तेल घालावे लागे; ही नवी गाडी तेल खात तर नाहीच, उलट राखून ठेवते, असे मी त्याच संध्याकाळी पुण्याच्या मुलीला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले.

तो आनंद दोनच दिवस टिकला. पुरनियाजवळच्या एका वयस्क मिस्त्रींना मी सहज डिपस्टिक दाखवली. त्यांनी ती पुसली, पुन्हा बुडवली, बोटांवर तेल चोळून नाकाशी नेले आणि शांतपणे म्हणाले, "बाबूजी, तेल बढ़ता नहीं है। इसमें पेट्रोल की मिलावट हो रही है।"

भेसळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पेट्रोल पंप किंवा किराणा दुकान येते. इथे भेसळ करणारे दुसरे कोणी नव्हते. ती माझ्याच गाडीच्या इंजिनात, माझ्याच वापरामुळे होत होती. आपल्या खात्यात न भरलेली रक्कम जमा दिसली, तर सुज्ञ खातेदार ती खर्च करायला निघत नाही. तो बँकेत जाऊन चौकशी करतो. इंजिनातील तेलाची न भरता वाढलेली शिल्लकही अशीच चौकशीस पात्र आहे. थेट इंधन फवारणीच्या गाड्या आता आपल्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने धावत असल्याने, हा विषय प्रत्येक वाहनधारकाने समजून घेण्याजोगा आहे.

पेट्रोल तेलात शिरते कसे?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, आणि नंतरच्या साध्या इंजेक्शनच्या गाड्यांतही, पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच हवेत मिसळत असे. थेट फवारणीच्या इंजिनात मात्र इंजेक्टरचे तोंड सिलिंडरच्या आतच उघडते. पेट्रोल इंजिनात साधारणतः २०० ते ३५० बार इतक्या प्रचंड दाबाने बारीक तुषार उडवले जातात आणि त्यांची वाफ होण्यास क्षणाचा अल्पसा अंश मिळतो. या पद्धतीमुळे लहान इंजिनातून अधिक शक्ती मिळते आणि इंधनाची बचत होते, हे तिचे निर्विवाद गुण आहेत.

परंतु थंड इंजिन सुरू होताना संगणकीय यंत्रणा मुद्दाम अधिक पेट्रोल सोडते. सिलिंडरच्या भिंती गार असतात, सर्व तुषारांची वाफ होत नाही आणि काही थेंब भिंतीवर जाऊन आदळतात. तेथील तेलाचा पातळ थर ते धुऊन काढतात आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमधील तेलात उतरतात. थोड्या प्रमाणात हे प्रत्येक इंजिनात घडते व त्याने बिघडत नाही. इंजिन चांगले तापून काही वेळ धावले की तेलही नव्वद-शंभर अंशांपर्यंत पोहोचते, पेट्रोलचा हलका अंश वाफ होऊन उडतो आणि ती वाफ पुन्हा सिलिंडरकडे नेऊन जाळली जाते. निसर्गाने आणि अभियंत्यांनी मिळून केलेली ही व्यवस्था आहे. तिची अट एकच, ती म्हणजे इंजिनाला तापण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे.

माझ्या गाडीला तोच मिळत नव्हता. सकाळी नातवाची शाळा, दुपारी कपूरथला चौकातील बाजार, मंगळवारी जुन्या हनुमान मंदिराचे दर्शन; यांपैकी एकही फेरी दोन-तीन किलोमीटरांपलीकडची नव्हती. काट्यावर पाण्याचे तापमान लवकर योग्य खुणेवर येते, त्यामुळे इंजिन तापले असा आपला समज होतो. तेल तापायला मात्र त्याहून बराच अधिक वेळ लागतो. प्रत्येक फेरीत थोडे पेट्रोल जमा होत होते आणि ते उडून जाण्यापूर्वीच मी किल्ली फिरवून गाडी बंद करत होतो.

डिझेलची गोष्ट वेगळी

डिझेल गाडीच्या मालकाने येथे निश्चिंत होऊ नये. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी भरत आली की ती तापवून काजळी जाळावी लागते. त्यासाठी सुमारे ६०० अंश उष्णता लागते. अनेक इंजिनांत ही उष्णता मिळवण्यासाठी नेहमीच्या फवाऱ्यानंतर, पिस्टन खाली उतरत असताना, आणखी थोडे डिझेल सोडले जाते. त्यातील काही भाग भिंतींवरून ओघळून तेलात मिसळतो.

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा. पेट्रोलचा बराच अंश तापलेल्या तेलातून उडून जातो. डिझेल मात्र बहुतांशी १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळते. त्यामुळे एकदा तेलात गेलेले डिझेल सहजासहजी बाहेर पडत नाही. गाळणी साफ होत असताना मध्येच गाडी बंद केली, तर तीच प्रक्रिया पुढच्या खेपेस पुन्हा आरंभावी लागते आणि प्रत्येक अपुऱ्या प्रयत्नासोबत तेलात आणखी डिझेल उतरते. केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल गाडी घेऊ नये, असे जाणकार सांगतात, त्यामागचे हे एक कारण आहे.

नुकसान कोठे होते?

तेलाचे मूल्य त्याच्या दाटपणात आहे. ५डब्ल्यू-३० या नेहमीच्या दर्जाच्या तेलाचा दाटपणा १०० अंश तापमानाला किमान ९.३ एकक असावा लागतो. इंधन मिसळले की तो घसरतो आणि धातूच्या दोन पृष्ठभागांना वेगळे ठेवणारा थर पातळ होतो. बेअरिंग, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन आणि मिनिटाला लाखभर किंवा त्याहून अधिक फेरे घेणारा टर्बो यांची झीज त्यामुळे वाढते. तेलातील संरक्षक रसायनेही विरळ होतात. ही झीज आवाज करत नाही. ती लक्षात येते तेव्हा खर्च मोठा झालेला असतो.

पातळी फार वाढली तर आणखी एक धोका संभवतो. जादा तेल श्वसननळीवाटे हवेच्या मार्गात खेचले जाऊ शकते. डिझेल इंजिन अशा वेळी स्वतःचेच तेल इंधन म्हणून जाळू लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

याउलट अनुभवही फसवा असतो. महिनोन्महिने छोट्या फेऱ्या मारलेली पेट्रोल गाडी एकाएकी लांबच्या प्रवासाला काढली की साठलेले पेट्रोल उडून जाते आणि पातळी अचानक खाली येते. इंजिन थोडे तेल जाळत असेल आणि तितकेच पेट्रोल त्यात मिसळत असेल, तर खूण स्थिर दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. म्हणून लांबच्या प्रवासाआधी आणि प्रवासानंतर, दोन्ही वेळा तेल पाहावे.

इतिहासातील दोन दाखले

हा दोष आजचा नाही. १९५४ साली बाजारात आलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या प्रसिद्ध मोटारीत थेट पेट्रोल फवारणी होती. प्रज्वलन बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत तिचा यांत्रिक पंप पेट्रोल सोडत राही. न जळलेले पेट्रोल भिंतींवरून तेलात उतरे आणि त्या मोटारीचे तेल वरचेवर बदलावे लागे.

दुसरा दाखला अलीकडचा. २०१८ साली चीनच्या थंड उत्तर भागातील होंडाच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांत तेलाची पातळी वाढत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कडाक्याची थंडी आणि छोट्या फेऱ्या हीच कारणे तेथेही पुढे आली. उत्तर चीनची थंडी अलीगंजला नाही, हे खरे. पण डिसेंबर-जानेवारीतील आमची सकाळ आणि दीड किलोमीटरची शाळा यांनी मिळून तोच परिणाम लहान प्रमाणात घडवला. नाशिकची किंवा विदर्भातील हिवाळ्याची सकाळ अनुभवणाऱ्या वाचकांनाही हे पटेल.

उपाय आपल्या हाती

सुदैवाने या दुखण्यावरचे उपाय साधे आहेत.

पहिला उपाय नोंदीचा. गाडी सपाट जागेवर उभी करावी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि दर पंधरवड्यास पातळी पाहून वहीत लिहावी. एका नोंदीतून फारसे कळत नाही. पासबुकाप्रमाणे नोंदींची रांगच खरी हकीकत सांगते. तेल वाढत असेल आणि त्याला इंधनाचा वास येत असेल, तर गाडी अधिकृत कार्यशाळेत दाखवावी. तेल दुधाळ दिसल्यास इंजिनात पाणी शिरल्याची शंका असते. अशी गाडी चालवूच नये.

दुसरा उपाय प्रवासाचा. पेट्रोल गाडी आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने अर्धा-पाऊण तास चालवावी. आम्ही आता रविवारी सीतापूर रस्त्याने बक्षी का तालाबच्या पुढे चंद्रिका देवीच्या दर्शनाला जातो. डिझेल गाडीची गाळणी साफ होण्याचा संकेत दिसल्यास प्रवास मध्येच थांबवू नये. जागच्या जागी इंजिन सुरू ठेवून तापवण्याने मात्र विशेष लाभ होत नाही. तेल तापण्यास वेळ लागतो आणि इंधन तेवढे वाया जाते. आणि दीड किलोमीटरच्या शाळेला नातवासोबत पायी जाणे सर्वांत उत्तम.

तिसरा उपाय वेळापत्रकाचा. बहुतेक पुस्तिकांत छोट्या फेऱ्यांच्या वापराला 'कठीण वापर' म्हटलेले असते आणि त्यासाठी तेल बदलण्याची मुदत कमी दिलेली असते. किलोमीटर कमी झाले म्हणून तेल टिकले, हा हिशेब येथे लागू पडत नाही. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे; दाट तेल घालून पातळपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये.

एक बाब ग्राहकाच्या हिताची. वाहनकर्जाची मुदत सात वर्षांपर्यंत असू शकते. वॉरंटी त्याआधीच संपण्याचा संभव असतो. प्रचलित वाहन विम्यात झीज व यांत्रिक बिघाड समाविष्ट नसतात. म्हणजे हप्ते चालू असताना इंजिन निकामी झाले, तर तो भार स्वतःच्या बचतीवर पडतो. तेल बदलल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. वॉरंटीच्या दाव्यात त्या उपयोगी पडतात.

माझ्या गाडीचे तेल त्याच आठवड्यात बदलले. रविवारची फेरी सुरू झाली आणि पुढच्या हिवाळ्यात पातळी वरच्या खुणेच्या खालीच राहिली. मुलीला मी पुन्हा फोन केला, या वेळी कौतुक न करता. तिची गाडीही थेट फवारणीची आहे आणि घरापासून कार्यालय जेमतेम तीन किलोमीटर. ती म्हणाली, "बाबा, आमचंही तेल कमी झालेलं नाही." मी तिला डिपस्टिक काढून वास घ्यायला सांगितले.