पिकअप गेला म्हणजे इंजिन गेलं असं नाही. घाट चढण्याआधी जुन्या गाडीचा क्लच तपासा

नाशिक : नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना जुनी छोटी गाडी मध्येच दमते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे ओढत नाही. ‘इंजिन गेलं’ म्हणून मालक मोठा खर्च धरून बसतो. बऱ्याचदा दुखणं क्लचमध्ये असतं.

मारुती ८०० ही १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांपुढची आहे. इंजिन ७९६ सीसीचं, त्यात घरची माणसं आणि सामान. घाटात क्लचवर ताण येणारच.

इंजिनाची ताकद क्लचप्लेट घर्षणाने गिअरबॉक्सकडे पोचवते. प्लेट झिजली की ती घसरते, तापते आणि जळका वास येतो.

घरच्या घरी तपासणी : सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, गाडीपुढे कुणी उभं नको. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. ही तपासणी एकदाच करा, वारंवार केल्यास प्लेट आणखी झिजते.

लगेच प्लेट बदलू नका : आधी क्लचची केबल पाहायला सांगा. ती जास्त ताणलेली असेल तरी क्लच घसरतो. ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना ‘कर्रर्र’ आवाज येतो. दोन्ही वेळी नट फिरवून काम भागू शकतं. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या.

प्लेट बदलायचीच झाली तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही सोबतच बदला. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तीच मजुरी दोनदा कशाला?

हे मात्र टाळू नका : उतारावर गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर गाडी घाटात नेऊ नका. इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

आणि एक सवय सोडा : चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका. त्यासाठी हँडब्रेक आहे.