ओमाहातील सिक्वेन्सची मोजदाद

पवनीसारख्या वैनगंगेकाठच्या गावांत पोळ्याच्या सुमारास पत्त्यांचे फड बसतात तेव्हा अंमल चालतो तो तीन पत्ती आणि रमीचा. आणि पैसा लागला की 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये पंचनामा होऊन मुद्देमाल जप्त होण्याची धास्तीही तेथे असतेच. ओमाहा नामक पोकर पाहावयाचे तर गोव्यातील मांडवी नदीवरच्या कॅसिनो-नौकांसारख्या ठिकाणी जावे लागते, कारण पैसे लावून घरबसल्या मोबाईलवर खेळण्याची वाट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केली आहे. तथापि रमीत ज्याची बोटे मुरली आहेत त्याला ह्या खेळातील गोम चटकन उमगेल.

प्रत्येकाच्या हाती चार पत्ते, आणि मध्यभागी प्रथम तीन व मग एकेक करून उघडणारे दोन, असे पाच सामाईक. परंतु अखेरचा डाव हातातील नेमके दोन आणि पटावरील नेमके तीन पत्ते घेऊनच मांडावयाचा, हा निर्बंध नवख्याला हटकून फसवितो.

समजा, पटावर निरनिराळ्या रंगांची नव्वी, अठ्ठी, दुर्री आहे आणि हाती गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. चार राण्या, चार पंज्या आणि हातातल्याच जातींचे उरलेले तीन-तीन, असे 20 पत्ते पाच लागोपाठ पत्त्यांची सिक्वेन्स पुरी करतात. न दिसलेल्या 45 पत्त्यांतून पुढील दोहोंत त्यांपैकी एखादा येण्याचा संभव सुमारे 70 टक्के. खेळाडू अशा जुळणीस रॅप म्हणतात. दोनच पत्ते हाती असणाऱ्या टेक्सास होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी खुली सिक्वेन्सदेखील आठ पत्त्यांवर थांबते.

पण नुसती संख्या मोजणारा येथे बुडतो. त्याच पटावर राणी, गुलाम, दश्शी आणि एक बिनकामाचा पत्ता असेल तर उपयोगी पत्ते 13, व प्रत्येकाने होणारी सिक्वेन्स सर्वांत मोठी. सत्ती, छक्की, पंजी असली तरी भरतात 13च. मात्र दश्शी आली तर राणी-गुलाम धरून बसलेला, सत्ती आली तर गुलाम-दश्शीवाला, छक्की आली तर दश्शी-सत्तीवाला वरचढ ठरू शकतो, आणि निर्धास्तपणे ज्यांवर डाव लावावा अशा केवळ तीन पंज्या उरतात. पहिल्या वीसांतही गुलाम व दश्शी मिळून सहा पत्ते ह्याच संशयित वर्गातले, सबब जाणता खेळाडू हिशेबात 14च धरतो; आणि पटावर जोडी पडली, तर सिक्वेन्सहून वरचढ अशा फुल हाऊसच्या भयाने त्यांनाही कात्री लावतो.