दोष कार्बोरेटरचा की दुसऱ्याच कुणाचा? जुन्या गार्डन ट्रॅक्टरची तपासणी

आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण प्रश्न बरेच येतात, विशेषतः अमेरिकेत घरामागे एकर-दोन एकर गवत सांभाळणाऱ्या आपल्या लोकांकडून. तिकडे जुने गार्डन ट्रॅक्टर अजून भरपूर चालतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1961 साली ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. त्याला कोहलर कंपनीचं सात हॉर्सपॉवरचं, एका सिलेंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन होतं. हीच ‘के’ मालिकेची इंजिनं पुढे मोठी होत गेली आणि कित्येक कंपन्यांच्या ट्रॅक्टरांवर बसली. आज आपण हेच इंजिन समोर ठेवून बोलू, कारण ते साधं आहे आणि त्यात हात घालता येतो. ज्यांनी चेतक किंवा प्रिया स्कूटर चालवली आहे, त्यांना यातलं अर्धं आधीच माहीत आहे.

सगळ्यात आधी, हे का शिकायचं? ट्रॅक्टर बंद पडला तर पडला, असं नाही. बिघडलेला कार्बोरेटर तसाच चालवत राहिलं तर अख्खं इंजिन जातं. ते कसं, हे पुढे येईलच. ते नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे.

कार्बोरेटर करतो तरी काय?

टाकीतून पेट्रोल खाली एका छोट्या वाटीत येतं. वाटीत पितळी फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि एक बारीक सुई येणारी वाट बंद करते. आपल्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा, अगदी तसंच. इंजिन हवा ओढतं, ती हवा मध्ये अरुंद केलेल्या गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जाऊन हवेत मिसळतं. बस्स, एवढंच.

पेट्रोलला आत जायला दोन वाटा असतात. एक मुख्य वाट, ती इंजिन वेगात असताना आणि भार असताना काम करते. दुसरी स्लोची वाट, थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असताना कामाला येणारी. या दोन्ही वाटांना या कार्बोरेटरवर एकेक सुईचा स्क्रू असतो. चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त.

या दोन वाटा डोक्यात पक्क्या बसल्या, की निम्मं निदान तिथेच होतं. स्लोवर थांबत नाही पण रेस केल्यावर छान चालतं? मग स्लोची वाट तुंबली आहे. स्लोवर गोड चालतं पण गवतात घातलं की दम तोडतं? मग मुख्य वाट बघा, नाहीतर टाकीकडून पेट्रोलच पुरेसं येत नाही. चोक ओढून चालतं आणि चोक सोडला की मरतं? म्हणजे मिश्रण पातळ आहे: एकतर पेट्रोल कमी मिळतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. काळा धूर आणि काजळलेला प्लग? मग पेट्रोल जास्त: चोक पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर कोंदला आहे किंवा फ्लोट नीट बंद करत नाही.

पाना उचलण्याआधी

आम्ही नेहमी सांगतो, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. बहुतेक लोक उलट करतात, आणि चांगला चालणारा कार्बोरेटर खोलून आणखी बिघडवतात.

आधी ठिणगी. या इंजिनांवर कॉन्टॅक्ट पॉइंट असतात, पॉइंटमधलं अंतर 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पॉइंट जळालेले असले किंवा कंडेन्सर कमजोर झाला असला, तर इंजिन मिसिंग करतं, आणि ते ऐकायला हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखंच वाटतं. प्लग काढा, बघा. कॉफीच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी. ओला आणि वास मारणारा असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. ठिणगी तपासताना मात्र सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा.

मग पेट्रोलचा प्रवाह. कार्बोरेटरकडची नळी सोडा आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल येऊ द्या. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, जवळपास विस्तव नको. धार सलग यायला हवी. थेंबथेंब आलं तर कॉक, जाळी किंवा नळी तुंबली आहे. ती बाटली दहा मिनिटं तशीच ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे, आणि मग कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी महिन्याभरात परत तेच.

एक गंमतीची तक्रार नेहमी येते: “वीस मिनिटं मस्त चालतो, मग बंद पडतो, थोडा वेळ थांबलं की परत सुरू.” टाकीचं टोपण सैल करून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर टोपणातलं बारीक भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली जातं पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. टोपणाने फरक पडला नाही, तर बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासा. गरम झाल्यावर दगा देणारे कॉइल आणि कंडेन्सर असेच वागतात, आणि थंड झाल्यावर साळसूद होतात.

तिसरी गोष्ट फुकटची हवा. साठ वर्षं हललेला थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात सैल होतो. इंजिन स्लोवर असताना दांड्याच्या दोन्ही टोकांना आणि गॅस्केटच्या सांध्यावर घट्ट ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. क्षणभर चाल सुधारली, तर हवा तिथूनच येते आहे. चालू इंजिनावर पेट्रोल किंवा पेट घेणारा स्प्रे मारून ही तपासणी करू नका. आणि इंजिन बंद शेडमध्ये चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता उघडा

एवढं सगळं ठीक निघालं, तर कार्बोरेटर उतरवा. आधी दोन्ही स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा. ‘हलक्या हाताने’ यावर आमचा जोर आहे. करकचून आवळलं की सुईच्या टोकावर कडं उमटतं, आणि मग ती कधीच नीट जुळत नाही.

वाटी काढली की तळाशी वार्निशसारखा चिकट थर दिसेल. हे उडून गेलेल्या पेट्रोलचं उरलेलं अंग. क्लीनरमध्ये भिजवा, मग सगळ्या भोकांतून हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. स्टीलची तार किंवा ड्रिल जेटमध्ये घालायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बदलतं. फारच अडलं तर तांब्याच्या तारेचा एक पदर वापरा.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की चीर सापडली. असा फ्लोट बदला. आत पेट्रोलची वाफ असताना त्याला डाग द्यायला जाऊ नका. नवा बसवताना कार्बोरेटर उलटा धरा आणि फ्लोटचं मोकळं टोक व वरच्या सपाट कडेमधलं अंतर मोजा. या कोहलर कार्बोरेटरला ते 11/64 इंच लागतं, म्हणजे साडेचार मिलिमीटरला थोडं कमी. फ्लोटच्या सुईचं टोक भिंगातून बघा. त्यावर चरा असेल तर सुई आणि तिची बैठक दोन्ही बदला.

महाग गोष्ट

आता ती महाग गोष्ट. सुई गळते आहे, टाकी वर आहे, आणि रात्री कॉक बंद केला नाही. पेट्रोल वाटी भरून वाहायला लागतं. काही बाहेर सांडतं, ते दिसतं. काही सिलेंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये जातं. ते दिसत नाही. सकाळी तुम्ही किल्ली फिरवता. या इंजिनात ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली एक पळी असते, ती ऑइल उडवते, त्यावरच सगळं वंगण. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल ॲल्युमिनियमच्या रॉडला वाचवू शकत नाही. रॉड धरतो, तुटतो, आणि कधी कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. सुईसाठी नव्हे, तिच्या टोकावरच्या चऱ्यासाठी अख्खं इंजिन भंगारात.

म्हणून डिपस्टिक काढा, वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरूच करायचं नाही. सुई दुरुस्त करा, ऑइल बदला, मगच. आणि काम संपलं की कॉक बंद, ही सवयच लावून घ्या.

उलट टोकाचा धोकाही आहे. मिश्रण पातळ ठेवून गवत कापत राहिलं, तर ज्वलन जास्त गरम होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. “पेट्रोल वाचतंय” म्हणून स्क्रू आवळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुळवणी

इंजिन चांगलं तापू द्या. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मुख्य स्क्रू सावकाश आत फिरवा. चाल मंदावली की ती पातळ हद्द. आता बाहेर फिरवा. इंजिन जड वाजायला लागलं की ती दुसरी हद्द. दोन्हींच्या मध्यावर ठेवा. मग भार द्या. दम घुटला तर अष्टमांश फेरी बाहेर. त्यानंतर स्लोचा स्क्रू याच पद्धतीने, चाल मिनिटाला साधारण 1200 फेऱ्यांवर ठेवून. वरची मर्यादा 3600. ती ओलांडायला गव्हर्नरची स्प्रिंग ताणणं म्हणजे पुन्हा त्या रॉडशीच खेळ.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न आला आहे की इथेनॉलमुळे फरक पडतो का. पडतो. अमेरिकेत पंपावर साधारणपणे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याकडे आता ते वीस टक्क्यांवर गेलं, आणि त्यातलं बरंच आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जुळवणीवर मिश्रण थोडं पातळ पडतं. आपल्या इंजिनाला स्क्रू आहे, किंचित बाहेर फिरवला की भागतं. पण इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉकमधून सगळ्यात आधी तेच येतं. जुने रबरी पाइपही ते मऊ करतं. म्हणून इथेनॉल चालेल अशीच नळी बसवा आणि हिवाळ्याआधी कॉक बंद करून इंजिन वाटी रिकामी होईपर्यंत चालू द्या.

शेवटचं एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम केल्या आणि ट्रॅक्टर सुरू झाला, तर तो कशाने सुरू झाला हे कळत नाही. मग पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. पुढच्या भागात आपण गव्हर्नर बघू.